सदर बाजारातल्या एका दुकानाच्या वह्या वाचताना

माझं आजोळ पुण्याच्या लष्कर भागातलं, लिंगायत वाण्याचं घर. पणजोबांच्याही आधीपासून सदर बाजारात दुकान होतं. पुढे धान्य-किराणा आणि आतल्या बाजूला विलायती सामान. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. मागच्या खेपेला जागा विकायचं ठरलं आणि माळा रिकामा करताना तांबड्या खारव्यात बांधलेल्या लांबट वह्यांचे गठ्ठे निघाले. मामा म्हणाले, "तुला न्यायच्या असतील तर आजच ने बाई, उद्या रद्दीवाला येतोय." मी सगळ्या घरी आणल्या.

त्या वाचायला मी कशी शिकले आणि त्यांतून काय हाती लागलं ते इथे लिहितेय. पुणे, नगर, सोलापूर, बेळगाव, जिथे जिथे इंग्रजांची छावणी पडली तिथे तिथे छावणीला चिकटून बाजार वसला, आणि तिथल्या दुकानदारांच्या वह्या अजूनही कुठल्या ना कुठल्या माळ्यावर असणार. एकोणिसाव्या शतकात आपल्या घरांत नव्या वस्तू कशा आल्या हे सांगायला यापेक्षा जवळचा साक्षीदार मला तरी ठाऊक नाही.

आधी वह्या साफ करणं आलं. कसर लागलेली होती, काही ठिकाणी वाळवीने कडा खाल्ल्या होत्या. कागदाची कामं करणाऱ्या एका जाणत्या बाईंना विचारलं. त्यांनी बजावलं, उन्हात घालायच्या नाहीत, चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशनचं नाव काढायचं नाही. मऊ ब्रशने एकेक पान झाडायचं, सावलीत हवेवर ठेवायचं आणि हाताळण्याआधी फोटो काढून घ्यायचे. पानं झाडताना घड्यांमधून बारीक चमचमणारी वाळू पडत होती. ओली शाई सुकावी म्हणून लिहिल्या लिहिल्या वर टाकलेली ती वाळू दीडशे वर्षं सळांमध्ये अडकून राहिली होती. सळ म्हणजे पानाला घातलेल्या उभ्या घड्या. रकान्याच्या रेघा मारायच्या नाहीत, कागदच दुमडून घ्यायचा आणि त्या घडीच्या आधाराने डावीकडे जमा, उजवीकडे नावे असं लिहीत जायचं. घडीवर बोट ठेवलं की रकाना कुठे सुरू होतो ते आजही कळतं.

खरी चढण मोडी लिपीची होती. मी वर्गात नाव घातलं. तिथे पेशवाई वळणाची सुबक पत्रं वाचायला शिकवतात आणि ती थोड्या दिवसांत सुधरायलाही लागतात. दुकानाची मोडी मात्र निराळी. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरं अडकवत न्यायची. शब्द तोडायचे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही, विरामचिन्हाचा पत्ता नाही. त्यात गिऱ्हाईक समोर उभं असताना लिहिलेलं, म्हणून निम्मे शब्द आखूड केलेले. आम्हाला शिकवणारे काका आयुष्यभर जमिनीचे जुने कागद वाचत आलेले. त्यांनी एकच युक्ती सांगितली आणि ती शेवटपर्यंत कामी आली. "ताई, हिशेबाची वही उजवीकडून वाचा. आधी आकडे लावा, मग वस्तू, सगळ्यात शेवटी नाव. आकडा बरोबर लागला की वस्तूचा अंदाज येतो, आणि वस्तू कळली की माणूसही कळतो."

आकड्यांची रीत एकदा समजली की फार सोपी आहे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे किंवा बारा पै. रुपयापुढे एक उभी रेघ म्हणजे चार आणे, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे बारा. त्यांच्या मधले एक, दोन, तीन आणे लहान आडव्या-तिरक्या रेघांनी दाखवायचे. पावकी-निमकी पाठ असलेल्या पिढीला यात काहीच अवघड नव्हतं. मला मात्र पाढ्यांसारखं घोकावं लागलं. रोजच्या पानाच्या तळाशी शिल्लक असते. आपण वाचलेले आकडे मांडून ती शिल्लक जुळली की पान बरोबर लागलं असं समजायचं. जुळली नाही तर पुन्हा वर जायचं. आपलं वाचन तिथल्या तिथे तपासून देणारा दुसरा कुठला ऐतिहासिक कागद असेल असं मला वाटत नाही.

तारखांचं गणित वेगळं. दुकानाचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू होतं, पण शक बदलतो चैत्रात, त्यामुळे एकाच वहीच्या मध्यावर शकाचा आकडा बदललेला दिसतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत मात्र ७९ मिळवावे लागतात. आकडा पुसट असेल तर संवत्सराचं नाव मदतीला येतं. एका वहीच्या पहिल्या पानावर शकाचा शेवटचा आकडा वाळवीने नेला होता, पण खाली 'विभवनाम संवत्सरे' स्वच्छ होतं. विभव म्हणजे शके १७९०. वही १८६८ च्या दिवाळीची ठरली. साठ नावांचं चक्र असल्यामुळे एकच नाव साठ वर्षांच्या अंतराने पुन्हा येतं, आणि साठ वर्षं म्हणजे दोन पिढ्या, अक्षरही बदलतं आणि मालही.

आमच्याकडच्या वह्या १८६२ च्या दिवाळीपासून आहेत, मधल्या काही गहाळ. या काळाच्या आधीची थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर पुण्याच्या पूर्वेला छावणी वसली आणि तिच्या पोटात सदर बाजार. जुनं शहर पेठांचं, इकडचं लष्कराचं. १८५८ साली पुणे ते खंडाळा रेल्वे सुरू झाली आणि मुंबईकडून घाटाच्या पायथ्यापर्यंतही गाडी येत होती, पण मधला बोरघाट पार व्हायला १८६३ साल उजाडावं लागलं. तोवर मुंबईचा माल पायथ्याला उतरायचा, गाड्या-बैलांवरून घाट चढायचा आणि वर पुन्हा आगगाडीत भरायचा. आमच्या पहिल्या वहीत मुंबईच्या मांडवीहून आलेल्या प्रत्येक खोक्यामागे हमाली दोनदा पडलेली आहे, शिवाय 'फूट' म्हणून वेगळी रक्कम. फुटलेली काच, सांडलेलं तेल. घाटातून रूळ सुरू झाले आणि काही महिन्यांत दुसरी हमाली वहीतून नाहीशी झाली. पाठ्यपुस्तकात घाट-रेल्वेचं उद्घाटन एका ओळीचं असतं. इथे ते दुकानदाराच्या खर्चातून वजा होताना दिसलं, तेव्हा मी बराच वेळ ते पान पाहत राहिले होते.

आता मालाकडे येते, कारण मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे. विलायती मालाने आपला बाजार काबीज केला हे आपण लहानपणापासून ऐकतो. मँचेस्टरचं कापड, गिरण्यांचा जोर, सरकारचं धोरण, हे सगळं खरंच आहे. पण बंदरावर उतरलेलं खोकं पेठेतल्या बिऱ्हाडात पोचतं कसं? आमच्या वह्यांचं उत्तर स्पष्ट आहे. दुकानदाराने ते फोडलं आणि उधारीवर दिलं, म्हणून पोचलं. आगकाड्या येत ग्रोसच्या, म्हणजे बारा डझनांच्या, बांधणीत, विकल्या जात एकेक पेटी. मेणबत्त्या पुड्यात येत, विकल्या जात सुट्या. सुया, बटणं, दोऱ्याची रिळं, आरसे, कुलपं, साबणाच्या लांब वड्या कापून केलेले तुकडे, सगळं असंच. महिन्याला मोजके रुपये मिळवणाऱ्या माणसाला अख्खा पुडा कधीच परवडला नसता. त्याला एक मेणबत्ती परवडत होती, तीही पगाराच्या बोलीवर.

घासलेटाचं उदाहरण घेते. आमच्या वह्यांत ते १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिसायला लागतं, त्याआधी दिव्याला करडईचं आणि एरंडाचं तेल. अमेरिकेहून येणारं घासलेट लाकडी खोक्यात, एका खोक्यात पत्र्याचे दोन डबे. वहीत त्या एका खोक्याचे किती पदर सुटतात पाहा. तेल बाटलीच्या मापाने विकलं, ते वेगळं. रिकामा डबा वेगळा, त्याला गिऱ्हाईक आधीच ठरलेलं, कारण पाणी भरायला, धान्य ठेवायला आणि कापून पडवीवर पत्रा म्हणून घालायला तो चालायचा. खोक्याच्या फळ्या वेगळ्या. आणि कंदिलाची काच वेगळी, जी आमचं दुकान रविवार पेठेतल्या बोहरी व्यापाऱ्यांकडून आणायचं. काच सगळ्यात जास्त वेळा उधार गेलेली आहे. ती फुटायची, आणि काचेशिवाय कंदील धड जळत नसल्याने त्याच दिवशी हवी असायची. एकदा घरात कंदील आला की घासलेट आलं, वात आली, काच आली, आणि दुकानदाराकडे दर आठवड्याला जाणं आलं. एरंडीचा दिवा असा कुणाला बांधून ठेवत नव्हता.

दोन प्रकारच्या वह्या असतात हे आता सांगते. कीर्द म्हणजे रोजच्या रोज, घडेल तसं लिहिलेलं. खतावणी म्हणजे त्यातूनच माणसागणिक उतरवलेली खाती. कीर्दीतल्या नोंदीत खातेदाराच्या नावापुढे बहुतेक वेळा 'हस्ते' येतं, म्हणजे माल प्रत्यक्ष कोणी नेला. या एका शब्दाने मला दुकानाचा उंबरा दिसायला लागला. लष्करातल्या बंगल्यांची खाती साहेबांच्या हुद्द्यावर आहेत, पण हस्ते कायम बटलर. साहेब किंवा मॅडम कधी आत आल्याचं दिसत नाही. बटलर बिस्किटं, चहा, मेणबत्त्या, मोरस (मॉरिशसची) साखर नेतो, आणि महिनाअखेर त्याच्या नावावर लहानशी दस्तुरी, म्हणजे दलाली, पडते. पेठेतली खाती पुरुषांच्या नावावर, पण हस्ते मुलगा, हस्ते आई, हस्ते शेजारीण. सुया-दोरा आणि साबण यांच्यापुढे बायकांची नावं जास्त आणि गुळापुढे पुरुषांची. का, ते मी ठरवू शकत नाही, पण हा भेद पानामागून पान टिकतो.

चहा तर जवळजवळ सगळा बटलरांच्या हस्ते. पेठेतल्या एखाद्याच खात्यावर तो दिसतो आणि तिथेही 'औषधाकरिता' असं मुद्दाम लिहिलेलं. ज्या घरांत आज सकाळी पहिल्यांदा आधण चहाचं चढतं, त्यांच्याच खापरपणज्यांना तो सुंठीच्या ओळीत बसलेला होता.

लष्करी गिऱ्हाईक मोठं पण बिनभरवशाचं. पावसाळ्यात मुंबई सरकारचा मुक्काम पुण्याला असायचा, गव्हर्नर आधी दापोडीला आणि पुढे गणेशखिंडीत, त्यांच्यामागून कचेऱ्या, बंगले, घोड्यांच्या शर्यती. आषाढ ते आश्विन आमच्या वह्या फुगतात आणि दिवाळीनंतर बसतात. पलटण हलायची बातमी आली की खतावणीत लगबग दिसते, एकेका खात्यावर 'तगादा' लिहिलेला, काही खाती अर्ध्यावर मिटवलेली. १८७८ ते १८८० च्या अफगाण युद्धात मुंबई इलाख्याच्या फौजाही गेल्या. त्या वर्षांत बंगल्यांची कितीतरी खाती नुसती उघडी राहिलेली आहेत, शेवटची ओळ नाही, बाकी नाही. त्याच वेळी पेठेतला गिऱ्हाईक पै-पैने फेडत होता. दुकान तगलं ते त्याच्या जिवावर, हे मला आकडेच सांगतात. साहेबांचं दुकान म्हणून आजोळी ज्याचं कौतुक ऐकलं, ते पेठेच्या लहान उधारीने उभं होतं.

आणि उधारी म्हटलं की व्याज आलं, तिथे नजर चुकवून चालणार नाही. १२ मे १८७५ ला याच पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले. त्यांनी माणसं मारली नाहीत, कर्जरोखे आणि वह्या काढून जाळल्या. दंगे नगर जिल्ह्यातही पसरले, चौकशीचं कमिशन बसलं आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. माझ्या मांडीवर असलेली वही त्याच जातीची, त्याच वर्षातली आहे, हे मला विसरता येत नाही. आमच्या खतावणीतही थकलेल्या बाकीवर दरमहा व्याज चढवलेलं आहे. एका विणकराच्या खात्यात तर मूळ माल कंदील आणि काच एवढाच, आणि खाली व्याजाच्या ओळी मालाच्या ओळींपेक्षा जास्त. मामांना हे पान दाखवलं तेव्हा ते गप्प बसले आणि मग म्हणाले, "हेही लिही, वगळू नकोस." म्हणून लिहितेय. वस्तू घरात आणणारा तोच हात होता आणि घराला देण्यात अडकवणाराही तोच.

पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. शके १७९८, धाता संवत्सर, म्हणजे १८७६-७७. पुण्याच्या सार्वजनिक सभा या संस्थेने त्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून दुष्काळाच्या हकिगती गोळा केल्या, त्या इतिहासात नोंदलेल्या आहेत. आमच्या कीर्दीत दुष्काळ असा शब्द एकदाही येत नाही. आरसे, साबण, मेणबत्त्या यांच्या ओळी कार्तिकानंतर एकेक करून थांबतात. पाने भरतात ती ज्वारीने, आणि तीही शेर-अर्ध्या शेराने. आधी पायलीने नेणारं घर शेरावर आलेलं दिसतं. मग काही खाती हस्ते कुणीच न येता पडून राहतात. वर्षअखेरीला त्यांतल्या थोड्या खात्यांवर तिरकी रेघ मारून 'सोडून दिले' लिहिलंय. थोड्याच, सगळ्यांवर नाही.

याच दशकात गणेश वासुदेव जोशी, सार्वजनिक काका, हातकताईच्या कापडाचा आग्रह धरून होते. १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते खादी घालून गेले आणि देशी मालाची दुकानं त्यांनी काढायला लावली. आमच्या वहीत त्या विचाराची एक खूण सापडली. १८७० च्या दशकाच्या अखेरीस देशी काड्या, देशी साबण असा रकाना सुरू होतो, काही महिने चालतो आणि बंद पडतो. पणजोबांच्या वडिलांनी तो का सुरू केला आणि का सोडला ते वही सांगत नाही. पण त्या महिन्यांची विक्री मांडून पाहिली तर बहुतेक नोंदी रोखीच्या आहेत. देशी माल देणाऱ्यांकडून दुकानालाच मुदत मिळत नव्हती असा माझा कयास आहे. मुंबईचा विलायती मालाचा घाऊक व्यापारी मुदती हुंडीवर, म्हणजे ठरल्या मुदतीनंतर पैसे घेण्याच्या बोलीवर, माल द्यायचा, म्हणून दुकानदार पुढे उधार देऊ शकायचा. स्वदेशीचा विचार पोचला होता, पण त्याच्या मागे पतपुरवठा नव्हता. याबद्दल आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकांनी अशा आणखी वह्या उघडून पाहाव्यात असं मला फार मनापासून वाटतं.

वाचलेलं ताडून पाहायला मी १८८५ साली निघालेलं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर घेऊन बसले. मुंबई गॅझेटियरचा तो अठरावा खंड. त्यात कुठल्या जातीजमाती कसला व्यापार करतात ते आहे, वजनं-मापं आहेत, रस्त्यांची नि रेल्वेची हकिगत आहे. ग्रंथ मोठ्या योग्यतेचा आहे, पण त्यातला वाणी म्हणजे वर्णन केलेला वाणी. तो दुकानात बसून काय विकतो ते कळतं. काच फुटली म्हणून तिन्हीसांजेला धावत आलेल्या पोराला त्याने ती दिली की परत पाठवलं, हे त्याच्याच कीर्दीत पाहावं लागतं. दोन्ही शेजारी ठेवले तर मात्र एकमेकांना फार आधार देतात. वहीत न लागणारी कित्येक मापं आणि मालाची नावं मला गॅझेटियरमुळे लागली.

सध्या मी १८८० नंतरच्या खतावण्या वाचतेय. फोटो सगळ्यांचे झालेत. मूळ वह्या आम्लरहित कागदात गुंडाळून मामेभावाकडे आहेत, आणि त्या एखाद्या संग्रहाला द्यायच्या असं घरात ठरलंय. फक्त द्यायच्या त्या एकत्र. तुमच्याकडे अशा वह्या असतील तर पहिलं पान आणि दर पाडव्याचं पान आधी टिपून घ्या, साल त्यांवरूनच लागतं. वाटणीत कीर्दी एका भावाकडे आणि खतावण्या दुसऱ्याकडे गेल्या असतील तर निदान फोटोंपुरत्या त्या एका जागी आणा. दुकानात कोण आलं होतं ते कीर्दीत असतं, आणि त्याचं पुढे काय झालं ते खतावणीत.